क्रियापद कुठे आहे?

वसईच्या पश्चिम पट्ट्यात, वाड्या-बागायतीच्या भागात, तर्खड नावाचं गाव आहे. तर्खडकर घराण्याचं हे मूळ गाव. घराणं पुढे मुंबईला गेलं आणि तिथे ९ मे १८१४ रोजी दादोबा पांडुरंग जन्मले. बाविसाव्या वर्षी, १८३६ मध्ये, त्यांचं ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ छापून आलं. त्याआधी मराठीचं व्याकरण कोणी लिहिलंच नव्हतं असं नाही. बंगालमधल्या सेरामपूरच्या विल्यम केरींचं व्याकरण १८०५ सालचं आहे. पण ते मराठी शिकू पाहणाऱ्या इंग्रजांसाठी, इंग्रजीत लिहिलेलं. मराठी मुलांनी आपली भाषा आपल्याच भाषेत उलगडून पाहावी, ही सोय दादोबांनी केली.

त्यांनी ती कशी केली, हे इंग्रजी शिकणाऱ्याने मुद्दाम पाहावं असं आहे. दादोबा मुंबईच्या शाळेत इंग्रजी शिकले. त्या काळात लिंडले मरे यांच्या इंग्रजी व्याकरणाचा शाळांमधून मोठा दबदबा होता. १७९५ सालचं हे पुस्तक मुळात यॉर्कमधल्या एका मुलींच्या शाळेसाठी लिहिलेलं. त्याच धर्तीवर दादोबांनी मराठीची मांडणी केली. आपल्याकडे यास्कांपासून शब्दांचे चार वर्ग मानत आले होते: नाम, आख्यात, उपसर्ग, निपात. पण मराठी शाळेत आपण जे घोकतो ते नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी आणि केवलप्रयोगी. या आठ जाती इंग्रजी वळणाच्या आहेत. पुढे कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी दादोबांच्या मांडणीची कसून तपासणी केली आणि १९११ मध्ये मोरो केशव दामल्यांचं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ आलं. तरी शाळेतला साचा फारसा हलला नाही.

म्हणजे मराठी माध्यमातल्या मुलीला इंग्रजी व्याकरण परकं वाटायचं कारण नाही. त्याच्या निम्म्या खोल्या तिने मराठीच्या तासाला आधीच पाहिलेल्या असतात. दुर्दैवाने दोन्ही विषयांचे शिक्षक एकमेकांशी बोलत नाहीत. मराठीच्या तासाला ‘क्रियाविशेषण’ पाठ होतं, इंग्रजीच्या तासाला ‘ॲडव्हर्ब’ पाठ होतं, आणि ही दोन्ही एकाच वस्तूची नावं आहेत हे कित्येकांना कॉलेजात गेल्यावर कळतं. इंग्रजी सुधारायचं असेल तर आधी सातवी-आठवीचं मराठी व्याकरण पुन्हा काढून बसा, असं मी मनापासून सांगेन. आठवडाभराचं काम आहे आणि पुढची काही वर्षं ते उपयोगी पडतं.

तर्खडकर हे नाव महाराष्ट्रात घरोघरी पोचलं ते आणखी एका पुस्तकाने: ‘तर्खडकर भाषांतर पाठमाला’. थोडे शब्द, एखादा नियम, मग मराठीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून मराठीत करायची वाक्यं, आणि त्यानंतर पुन्हा नवे शब्द. कित्येक पिढ्यांनी ही पाठमाला गिरवली. भाषांतराने भाषा येत नाही, त्या भाषेतच विचार करायला हवा, असा आक्षेप पुढे या पद्धतीवर आला, आणि तो बोलण्यापुरता खरा आहे. मनात मराठी वाक्य जुळवून, त्याचं इंग्रजी करून मग तोंड उघडणाऱ्याची गाडी अडते. वाचनात मात्र घाई नसते. तिथे दोन भाषा शेजारी ठेवून पाहिल्या तर एकीच्या उजेडात दुसरी दिसते.

याच घराण्यातली एक गोष्ट इथे उपयोगाची आहे. दादोबांचे धाकटे भाऊ डॉ. आत्माराम पांडुरंग हे १८६७ मध्ये स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाचे एक संस्थापक. १८७८ मध्ये विलायतेला निघालेला सतरा वर्षांचा एक बंगाली मुलगा इंग्रजीची सवय व्हावी म्हणून त्यांच्या मुंबईच्या घरी राहायला आला. तो मुलगा म्हणजे रवींद्रनाथ टागोर, आणि त्यांना इंग्रजी शिकवलं ते आत्मारामांची मुलगी अन्नपूर्णा हिने. रवींद्रनाथ त्याआधी अहमदाबादला भावाच्या घरी इंग्रजी पुस्तकं वाचतच होते. त्यांना उणीव होती ती इंग्रजी बोलणाऱ्या घराची.

याच्या उलट टोकाला वसईचाच दुसरा माणूस आहे. संत गोन्सालो गार्सिया वसईत १५५६-५७ च्या सुमारास जन्मले. वडील पोर्तुगीज, आई इथली. कोवळ्या वयात ते मिशनऱ्यांबरोबर जपानला गेले, तिथे लोकांत राहून जपानी शिकले, आणि १५९३ मध्ये फ्रान्सिस्कन पेद्रो बाप्तिस्ता यांचे दुभाषे म्हणून जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्यासमोर उभे राहिले. १५९७ मध्ये नागासाकीला त्यांना क्रुसावर चढवलं गेलं. जपानी भाषेचं पहिलं मोठं छापील व्याकरण, जुआंव रोद्रिगेस यांचं, १६०४ पासून नागासाकीत छापलं जाऊ लागलं. गोन्सालो ते पाहायला नव्हते. त्यांना त्याची गरजही पडली नव्हती. सगळा देश कानाशी बोलत असेल तर कान स्वतःच व्याकरण घडवतो.

‘बोला म्हणजे येईल’ हा सल्ला अशा माणसासाठी बरोबर आहे. नालासोपारा-विरारच्या स्टेशनाबाहेर ‘तीन महिन्यांत फाडफाड इंग्रजी’ असं सांगणारे क्लासही तेवढंच धरून बसतात. पण पारोळ-भाताण्याच्या बाजूला राहणाऱ्या मुलीच्या कानावर दिवसभरात इंग्रजी किती पडतं? घरी वारली किंवा आगरी, पश्चिमेला कादोडी, वाडवळी, मांगेली, शाळेत प्रमाण मराठी, लोकलमध्ये हिंदी आणि गुजराती. ही श्रीमंती आहे. घरची बोली शाळेच्या मराठीत नेताना या मुलीने एका व्याकरणातून दुसऱ्यात जायचं कसब कधीच कमावलेलं असतं. पण तिच्याभोवती इंग्रजी नाही. २००० सालापासून राज्यातल्या मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासून आलं, त्याआधी बराच काळ ते पाचवीपासून असे. तरी रोजचा एक तास म्हणजे इंग्रजीचा शेजार नव्हे. तो शेजार तिला पुस्तकातच मिळू शकतो. म्हणून तिच्यासाठी वाचन आधी येतं, आणि वाचनातलं वाक्य अडलं की ते सोडवायला व्याकरण.

वाक्य नेमकं कुठे अडतं ते पाहू. अर्नाळ्याच्या किनाऱ्यावरचं एक साधं वाक्य घ्या: पहाटे अर्नाळ्याहून सुटलेली होडी परतलेली नाही. इंग्रजीत ते असं होईल: ‘द बोट दॅट लेफ्ट अर्नाळा ॲट डॉन हॅज नॉट रिटर्न्ड.’ आता दोन्हींतला होडीबद्दलचा भाग शेजारी ठेवा. मराठीत क्रम आहे पहाटे, अर्नाळ्याहून, सुटलेली, होडी. इंग्रजीत होडी, सुटलेली, अर्नाळा, पहाटे. बरोबर उलटा. मराठी आपली सगळी विशेषणं, सगळी माहिती नामाच्या आधी रचते आणि नाम शेवटी आणते. इंग्रजी नाम आधी ठेवते आणि लांबलचक माहिती त्याच्यामागे जोडत जाते. मराठी वाचकाच्या मनाला सवय असते ती नाम आलं की त्याच्याबद्दलचं सांगून झालं, असं समजण्याची. इंग्रजीत तिथे सांगणं सुरू होतं.

दुसरी अडचण क्रियापदाची. मराठी वाक्यात ते शेवटी येतं, म्हणून ते शोधावं लागत नाही. वाक्य संपलं की ते हाती येतं. वरच्या इंग्रजी वाक्यात ‘लेफ्ट’ आधी येतं आणि नवा वाचक तेच मुख्य क्रियापद धरून बसतो. होडी अर्नाळ्याहून गेली, इथवर त्याचं वाक्य पूर्ण झालेलं असतं. मग ‘हॅज नॉट रिटर्न्ड’ कोणाला चिकटवायचं ते कळत नाही, तो पुन्हा सुरुवातीला जातो, आणि तिसऱ्यांदा वाचताना इंग्रजी आपल्याला जमणार नाही असं मनाशी ठरवतो. खरं तर त्याला सगळे शब्द येत होते. अडलं होतं ते रचनेपाशी.

अशा वाक्याशी झुंजताना एकच प्रश्न विचारावा: मुख्य क्रियापद कुठे आहे? पेन्सिलीने वाक्यातली सगळी क्रियापदं अधोरेखित करा. ज्यांच्या आधी ‘दॅट’, ‘हू’, ‘विच’, ‘व्हेन’, ‘बिकॉज’ असे शब्द आहेत ती आपापल्या शब्दासकट कंसात टाका. उरलं ते मुख्य क्रियापद. मग ‘कोण?’ किंवा ‘काय?’ विचारून त्याचा कर्ता शोधा. कर्ता आणि क्रियापद हाती आले की वाक्याचा कणा मिळाला: ‘द बोट हॅज नॉट रिटर्न्ड’, होडी परतलेली नाही. कंसातलं सगळं मग सावकाश जागच्या जागी बसवता येतं. स्वल्पविरामांवर विश्वास ठेवा. मराठीतली विरामचिन्हंही आपण एकोणिसाव्या शतकात, मेजर थॉमस कँडींच्या प्रयत्नातून, इंग्रजीकडूनच घेतली आहेत; ती दोन्हीकडे एकच काम करतात. वृत्तपत्राच्या अग्रलेखातली दहा वाक्यं रोज अशी सोडवली तर महिन्याभरात पेन्सिलीची गरज कमी होते. डोळा आपोआप कंस टाकू लागतो.

व्याकरणाच्या पुस्तकांत ‘कर्मणी प्रयोग म्हणजे पॅसिव्ह व्हॉइस’ असं समीकरण सर्रास आढळतं, आणि माझ्या मते मराठी विद्यार्थ्याचं सगळ्यात जास्त नुकसान यानेच होतं. ‘रामाने आंबा खाल्ला’, ‘रामाने कैरी खाल्ली’. क्रियापद कर्माप्रमाणे बदललं, म्हणून मराठीत हा कर्मणी प्रयोग. इंग्रजीत मात्र याचं साधं वाक्य ‘राम एट अ मँगो’ असंच होणार आणि ते ॲक्टिव्ह आहे. इंग्रजी पॅसिव्हमध्ये कर्म कर्त्याच्या जागी येऊन बसतं आणि करणारा मागे सरतो किंवा गायबच होतो: ‘द रोड वॉज क्लोज्ड’, रस्ता बंद करण्यात आला. कोणी केला, ते सांगितलेलं नाही. सरकारी नोटिशीत, बँकेच्या पत्रात, अपघाताच्या बातमीत ही रचना जागोजाग असते, आणि वाचकाने तिथे थांबून ‘कोणी?’ असं विचारायला शिकलं पाहिजे. इथे व्याकरण परीक्षेबाहेर येतं. कोणाची जबाबदारी लपवली आहे, ते त्याने दिसतं.

काळांच्या बाबतीत ‘मी दहा वर्षं वसईत राहतोय’ हे वाक्य पुरेसं आहे. मराठीत चालू वर्तमानकाळ चालतो, म्हणून आपण बिनदिक्कत म्हणतो, ‘आय ॲम लिव्हिंग इन वसई सिन्स टेन इयर्स.’ यात चुका दोन. इंग्रजीला भूतकाळात सुरू होऊन आजवर चालत आलेल्या गोष्टीसाठी वेगळं रूप लागतं, ‘हॅव बीन लिव्हिंग’. आणि ‘सिन्स’ला सुरुवातीचा क्षण हवा असतो, ‘सिन्स २०१५’. मुदत सांगायची तर ‘फॉर’. मराठीतला ‘पासून’ दोन्ही कामं करतो, ‘दहा वर्षांपासून’ आणि ‘२०१५ पासून’, म्हणून ही चूक होते. चुकीचं मूळ मराठीत सापडलं की ती सुटते. नुसतं लाल शाईने खोडून सुटत नाही.

‘ला’चंही असंच. विरारला जातो, विरारला राहतो, दहाला येतो. इंग्रजीत हा एकच ‘ला’ ‘टू’, ‘इन’ आणि ‘ॲट’ असा फुटतो. आणि तो नामाच्या मागे न लागता पुढे येऊन बसतो. हे पाठ करून लवकर जमत नाही. शेकडो वेळा डोळ्यांखालून गेल्यावर जमतं. आर्टिकल तर बहुतेक वाचनातूनच येतात. एखादा परिच्छेद घ्या आणि फक्त ‘अ’ आणि ‘द’ यांच्याकडे बघत वाचा. वाचकाला एखादी गोष्ट प्रथमच भेटते तेव्हा बहुधा ‘अ’, तीच पुन्हा आली की ‘द’. आपल्याकडे हे काम संदर्भावर सोडलेलं असतं, म्हणून आपल्याला ते शब्द फुकटचे वाटतात.

आता वाचनाकडे. कोणतं पुस्तक घ्यावं, हा प्रश्न लोक शेवटी विचारतात, तो आधी विचारायला हवा. १९२० च्या दशकात ढाक्याला शिक्षकांना शिकवणारे मायकेल वेस्ट यांनी एक गोष्ट पाहिली: इंग्रजीच्या क्रमिक पुस्तकांत पानापानावर इतके नवे शब्द असतात की मुलं वाचत नाहीत, शब्द फोडत बसतात. बंगाली मुलाला इंग्रजीची गरज सगळ्यात आधी वाचायला आहे, असं त्यांनी आग्रहाने मांडलं आणि नवे शब्द मोजूनमापून देणारी पुस्तकं तयार केली. नेहमी लागणाऱ्या सुमारे २००० शब्दांची त्यांची यादी १९५३ मध्ये आली. साध्या इंग्रजी मजकुरातले जवळपास ८० टक्के शब्द एवढ्यातच बसतात.

पण ८० टक्के म्हणजे पाचातला एक शब्द अनोळखी, आणि त्यात गोष्टीची गोडी लागत नाही. २००० साली हू आणि पॉल नेशन या संशोधकांनी मांडलं की कोणाच्या मदतीशिवाय नीट समजायचं तर शंभरातले ९८ शब्द ओळखीचे हवेत. ३०० शब्दांच्या पानावर सहा अनोळखी शब्द. दुकानात किंवा ग्रंथालयात पुस्तकाचं मधलंच पान उघडून मोजून पाहा. सहापेक्षा बरेच जास्त निघाले तर ते पुस्तक वर्षभराने घ्या. सोप्या पुस्तकाची लाज वाटू देऊ नका. कॉलेजातल्या मुलाने मुलांच्या गोष्टी वाचण्यात कमीपणा मानला की त्याचं वाचन तिथेच थांबतं, आणि मग उरतात ती गाइडं.

सोप्या पुस्तकांचा परिणाम किती होतो हे फिजी बेटांवर पाहिलं गेलं. वॉरविक एली आणि फ्रान्सिस मंगुभाई यांनी १९८० च्या सुमारास तिथल्या खेड्यांतल्या शाळांत चौथी-पाचवीच्या वर्गांना इंग्रजी गोष्टींची सुमारे २५० चित्रमय पुस्तकं दिली. तिथेही इंग्रजी घरची भाषा नव्हती. नेहमीच्या धड्यांवर चाललेल्या वर्गांपेक्षा ही मुलं वाचनात पुढे गेली, आणि दुसऱ्या वर्षी तर लिहिण्यात आणि व्याकरणातही फरक दिसला. वर्गात गोष्टींची दोन कपाटं ठेवणं हा इंग्रजी शिकवण्याचा सगळ्यात स्वस्त उपाय आहे, आणि पालघर जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेत तो व्हायला हवा असं मला तळमळीने वाटतं.

व्याकरणाची जाड पुस्तकं बाद करायची का? नाही. रेन आणि मार्टिन अजूनही कामाचं आहे. त्यातले पी. सी. रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात होते आणि पुढे ‘बो जेस्ट’ या कादंबरीने गाजले. पण हे पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत सोडवण्यासाठी नाही. वाचताना जे अडेल ते प्रकरण उघडा, त्याखालची दहा वाक्यं सोडवा आणि परत आपल्या गोष्टीकडे या.

शब्दकोशही असाच हात राखून वापरावा. अनोळखी शब्द आला की आधी वाक्य पूर्ण करा, मग पुढचं वाक्य वाचा. अर्थ बहुधा तिथे उघडतो. तोच शब्द तिसऱ्यांदा आडवा आला तर मात्र कोश काढा, आणि वहीत एकटा शब्द न लिहिता तो ज्या वाक्यात भेटला ते सबंध वाक्य लिहा.

वाचनाला बळ देणारी आणखी एक गोष्ट म्हणजे विषयाची आधीची ओळख. १९८८ मध्ये रेक्ट आणि लेस्ली यांनी अमेरिकेतल्या शाळकरी मुलांना बेसबॉलच्या सामन्याचं वर्णन वाचायला दिलं. वाचनात कच्ची पण खेळ जाणणारी मुलं, वाचनात तरबेज पण खेळ न जाणणाऱ्या मुलांच्या पुढे गेली. आपल्याकडे क्रिकेटची बातमी ज्याने मराठीत सकाळी वाचली आहे त्याने दुपारी तीच इंग्रजीत वाचावी. निकाल माहीत, खेळाडू माहीत. सगळं लक्ष रचनेकडे देता येतं.

वसईकराला तर याहून चांगलं साहित्य हाताशी आहे. वसईबद्दल इंग्रजीत भरपूर लिहिलं गेलंय. डॉ. जे. गर्सन द कुन्हा यांचं चौल आणि वसईच्या इतिहासावरचं पुस्तक १८७६ चं. ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरचे खंड १८८२ चे, त्यात वसई, आगाशी, सोपारा यांच्यावर सविस्तर नोंदी. भाषा जुनी, वाक्यं ऐसपैस आणि शब्द जड. पहिल्या वर्षी हे घेऊ नये. पण किल्ल्याचे दरवाजे, चिमाजी अप्पांची १७३९ ची मोहीम, सोपाऱ्याचा स्तूप हे ज्याला मराठीतून ठाऊक आहे, त्याने दुसऱ्या वर्षी गॅझेटिअरमधली आपल्या गावाची नोंद काढावी आणि पेन्सिल घेऊन बसावं. एका वाक्यात चार-चार क्रियापदं निघतील. त्यातली तीन कंसात जातील.